हात एकच, पाणी चार

खोली बघायला गेले, नाव-गाव सांगितलं, तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुमच्या गावाला तूरडाळ किती वेळात शिजती?"

मी मनात म्हटलं, हा माणूस भाडेकरू शोधतोय की स्वयंपाकीण? मी पिंपरी पेंढारची. घोडेगावला पंचायत समितीत कारकून म्हणून नुकतीच लागलेली, तेविसाव्या वर्षी नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणारी. "शिजते तेव्हा शिजते," मी म्हटलं. "तुम्ही खोलीचं बोला."

"लवकर न्हाई शिजत," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "पिंपरी पेंढार म्हंजे जड पाणी. तुमच्या आईच्या हंड्याला आतून पांढरा थर असंल. चिंचेनं घासत असंल ती." मग आत तोंड करून हाक मारली, "अगं, किल्ली आण. पोरगी खरं बोलणारी दिसतीय."

मी त्यात खरं काय बोलले होते ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण हंड्याला थर होता आणि आई तो चिंचेनंच घासायची. हे या माणसाला इथे बसून कसं कळलं, या नवलापोटीच मी ती खोली घेतली. सहा वर्षं राहिले. बदली झाली तेव्हा रडत निघाले, आणि मी सहसा रडत नाही.

ते सरकारी दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. सगळा गाव त्यांना कंपाउंडरच म्हणायचा; मी काका म्हणायचे. काडीसारखे बारीक, पांढरा सदरा, पांढरा लेंगा, खिशात दोन पेनं आणि एक काचेचा ड्रॉपर. डोळ्यांत औषध घालायचा तो ड्रॉपर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण खिशातून ड्रॉपर काही निघत नव्हता. काकू म्हणायच्या, "दवाखान्यानं यांना सोडलं, यांनी दवाखान्याला कुठं सोडलंय?" घरात तेलाच्या बाटलीलासुद्धा ते कागदाची कातरलेली पट्टी डकवायचे, पूर्वी मिक्श्चरच्या बाटलीवर डोस कळायला लावायचे तशी. एक खाच म्हणजे एका दिवसाचं तेल. काकू मुकाट्याने दोन दोन खाचा तेल ओतायच्या आणि काका रोज संध्याकाळी बाटली उजेडात धरून "पेशंटनं डोस चुकवला" म्हणून खेकसायचे.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे पाणी. कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे, एक घोट जिभेवर घोळवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. निकाल तीनच: हलकं, मधलं, जड. शंका आली तर खिशातून औषधाची बारकी कुपी निघायची. तिच्यात साबणाचं पाणी असायचं. त्यात समोरचं पाणी थोडं ओतून ते कुपी हलवत बसायचे, ओठ हलवत मोजायचे. लगेच फेस धरला तर पाणी हलकं. हलवून हलवून मनगट दुखलं आणि वर नुसती साय आली तर जड. यजमानीण चहाचा कप हातात धरून उभी, आणि पाहुणा कुपी हलवतोय! एकदा डिंगोऱ्याला एका लग्नात त्यांनी टाकीचं पाणी चाखलं आणि आचाऱ्याला जाऊन सांगितलं, "डाळीत चिमूट सोडा घाल बाबा, न्हाईतर आज पंगत बसत न्हाई." आचारी म्हणाला, "पावणं, तुमी मांडवात बसा, आमाला आमचं कळतं." पंगत दीड तास खोळंबली. वऱ्हाडी पोटात कावळे घेऊन बसले, आणि काका मांडवाच्या खांबाला टेकून प्रत्येकाला सांगत होते, "मी सांगितलं व्हतं." काकू त्यांना दंडाला धरून घरी घेऊन आल्या.

झाडांशी मात्र त्यांचा काडीचा संबंध नव्हता. झाडं काकूंची.

मागच्या परसात एक आड होता आणि आडाभोवती काकूंची बाग. बाग म्हणजे तुपाचे रिकामे डबे, वरून कापलेली रॉकेलची पिंपं, फुटकी घमेली. त्यात वांगी, मिरच्या, टोमॅटो, कढीपत्ता, अळू. दर हंगामाला काकू रोपं तयार करायच्या आणि गल्लीत वाटायच्या. लोक म्हणायचे, यांच्या हाताला गुण आहे. काकूंनी दिलेलं रोप मेलं असं कधी झालं नाही. मग रीतच पडली. आळीत कुणी नवं घर बांधलं की दारातलं पहिलं रोप लावायला काकूंना बोलावणं यायचं. काकू इरकली नेसून जायच्या, रोप लावायच्या, हळदीकुंकू घेऊन यायच्या.

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. हे मी स्पष्टच सांगते, कारण त्याशिवाय त्या हाताची किंमत कळायची नाही. बारशाला, डोहाळजेवणाला त्यांना मागच्या रांगेत बसावं लागायचं. कुणी तोंडाने म्हणत नसे, पण ओटी भरायची वेळ आली की ताट त्यांना वगळून पुढे जायचं. मी दोनदा डोळ्यांनी बघितलंय. फक्त रोप लावायच्या दिवशी काकू सगळ्यात पुढे असायच्या. त्या दिवशी त्यांची चालसुद्धा वेगळी असायची.

काका झाडांच्या नादाला लागले ते एका गुरुजींमुळे. हे गुरुजी वरच्या डोंगरी गावात शाळेवर होते, शनिवारी एसटीने खाली यायचे आणि काकांकडे चहा घ्यायचे. त्यांनी शाळेमागच्या खोलीपाशी डब्यांत टोमॅटो लावले होते. फळ धरायचं, पण पिकायच्या आधीच बुडाला काळं पडायचं. गुरुजींनी एक टोमॅटो रुमालातून आणला होता. काकांनी तो उलटा करून बघितला आणि विचारलं, "पाणी कुठलं?"

"झऱ्याचं. लई गोड पाणी, काका."

"बाटली भरून आणा."

पुढच्या शनिवारी बाटली आली. कुपी दोनदा हलवली आणि फेस गळ्यापर्यंत. काका म्हणाले, "गोड असणारच. यात काय न्हाईच! डोंगरावरचं पाणी, दगडावरून पळतं, त्याला काय घ्यायला सवड मिळत न्हाई. ह्यात कॅल्शियम न्हाई. फळाच्या बुडाला तेच लागतं. लहान पोरांची हाडं मऊ राहिली की आमी काय द्यायचो? चुन्याची निवळी." त्यांनी चुना भिजवला, रात्रभर ठेवला, वरचं नितळ पाणी बाटलीत भरलं, बाटलीला खाचांची पट्टी डकवली आणि सांगितलं, "आठवड्याला एक डोस, बुडात. आणि पाणी रोज थोडं थोडं घाला. चार दिवस उपाशी आणि पाचव्या दिवशी पोटफुगी, असं पेशंटला चालत न्हाई."

पुढच्या तोडीला गुरुजी पाटीभर टोमॅटो घेऊन आले. लालबुंद, बुडं स्वच्छ. काकांनी ती पाटी ओट्यावर दोन दिवस मांडून ठेवली. खायची सोय नाही, फक्त बघायची. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "बूड बघा, बूड." मी ऑफिसला जाताना रोज बूड बघून जात होते.

झालं. तेव्हापासून ओट्यावर झाडांचा दवाखाना सुरू झाला. सकाळी आठ ते दहा. लोक काडेपेटीत पान घालून आणायचे, कुणी अख्खा डबाच डोक्यावर घेऊन यायचं. काका केसपेपर करायचे. मी वाचलाय एक: "नाव: वांगे. वय: दीड महिना. राहणार: घमेले. तक्रार: फूल गळणे." कुणी हसलं की म्हणायचे, "पेशंट बोलत न्हाई म्हंजे त्याला दुखत न्हाई असं समजू नका." औषध मात्र त्यांच्याकडे तेव्हा एकच होतं. निवळी. आणि तिची कीर्ती अशी पसरली, की ज्याच्या त्याच्या कोनाड्यात निवळीची बाटली दिसायला लागली. तंबाखूच्या डबीतला चुना झाडाला घालणारेही निघाले.

त्याच सुमारास आळीत बोअर पडला, मोटार बसली, आणि घरोघर नळ आले. काकूंचे गुडघे दुखायचे, आडातून पाणी शेंदणं त्यांना होत नव्हतं. काकांनी परसात नळ घेतला, अगदी पहिल्या दिवशी, काकूंसाठी. पाणी चाखलं, तोंड वाकडं केलं. "जड. लई जड. पिण्याला नको. झाडाला चालंल." पिण्यापुरती एक कळशी ते स्वतः आडातून शेंदायचे. झाडांना नळाचं पाणी जाऊ लागलं. काकू खूश, गुडघे खूश.

दोन-तीन महिन्यांनी पानं पिवळी पडायला लागली.

आधी खालची पानं. शिरा हिरव्यागार आणि मधली जागा पिवळी, जाळी विणल्यासारखी. मग ती पानं वाळून गळायची. काकूंनी वाटलेल्या रोपांचंही तेच. एकीचं वांगं गेलं, दुसरीची मिरची. बायका आधी काही बोलल्या नाहीत. मग दारादारात कुजबुजायला लागल्या. मग मला ऐकू येईल इतक्या आवाजात कुजबुजायला लागल्या. "हात गेला म्हणं त्यांचा." "असतंय एकेकाच्या नशिबी. तेवढंच व्हतं बिचारीला."

समोरच्या सुमनवहिनींनी नवं घर बांधलं होतं. वास्तुशांत ठरली. काकूंनी कढीपत्त्याचं रोप निवडून ठेवलं, त्यातल्या त्यात हिरवं. सकाळी अंघोळ करून इरकली नेसल्या आणि माजघरात बसून राहिल्या. नऊ वाजले, दहा वाजले. समोर मांडव दिसत होता. मग आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या आळीतली एक बाई रोपाचा डबा घेऊन आली, आणि सुमनवहिनींनी तिला हाताला धरून आत नेलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी पदर खोचून उठले. "थांबा काकू, मी जाऊन विचारतेच तिला."

काकूंनी माझा हात धरला. म्हाताऱ्या बाईच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. "बस खाली. तिचं काय चुकलं? नव्या घरात कोण असला हात लावून घेईल? माझाच गुण गेला." त्यांनी इरकली सोडली, घडी केली, ट्रंकेत ठेवली. त्या दिवसापासून त्या परसात जाईनात. भांडी घासायच्या, स्वयंपाक करायच्या, पण झाडाला हात लावायच्या नाहीत. माझ्या खिडकीत तुळशीची कुंडी होती, तिलासुद्धा लावायच्या नाहीत. "नको गं. तुझी तरी राहू दे."

काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पुरुषांना घरातलं सगळ्यात शेवटी कळतं, आणि ते तर सकाळभर गावातली पानं तपासण्यात गर्क. कळशी ते पहाटे अंधारातच शेंदायचे; उजेडी मागं आले ते एक दिवस बादली शोधायला. परस सुकलेला दिसला. मीच सगळं सांगितलं, जरा जोरातच सांगितलं. "गावाची झाडं बघता, घरात काय चाललंय ते बघा आधी."

ते वांग्याच्या डब्यापाशी उकिडवे बसले आणि पान न तोडता, नुसतं बोटावर तोलून, कितीतरी वेळ बघत राहिले. "खालची पानं आधी," ते म्हणाले. "शिरा हिरव्या. हा रोग मला ठाऊक न्हाई." त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातल्या शेती विभागातून एक पुस्तिका मागून आणली. तिच्यात पानांची रंगीत चित्रं होती. रात्री जेवणं झाल्यावर काकांनी चष्मा पुसून पुसून ती वाचली, आणि एका चित्रावर बोट ठेवलं. तीच जाळी. खाली लिहिलं होतं, मॅग्नेशियमची कमतरता. आणि पुढे लिहिलं होतं, की जमिनीत किंवा पाण्यात कॅल्शियम फार झालं तर झाडाला मॅग्नेशियम घेता येत नाही, मुळांच्या तोंडाशी दोघांची रेटारेटी होते. उपाय: मॅग्नेशियम सल्फेट. काका एकदम ओरडले, "मॅग सल्फ? अहो, हे तर जुलाबाचं मीठ! तीस वर्षं वाटलंय मी!"

जुन्नरला अत्तारचाचांचं जडीबुटीचं दुकान होतं. काका दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तिकडे. मी सुट्टी म्हणून बरोबर. त्यांनी एवढं जुलाबाचं मीठ मागितलं, की चाचांनी तराजू खाली ठेवला. "भाऊ, घरात किती माणसं हायेत?"

"पेशंट चाळीस हायेत," काका म्हणाले.

"या अल्ला! समद्यांची पोटं एकदम बिघडली? खाल्लं तरी काय?"

"बोअरचं पाणी," काका म्हणाले, अगदी गंभीरपणे. चाचांनी पुडी बांधली, पण आम्ही पायऱ्या उतरेपर्यंत ते आमच्याकडे काळजीने बघत होते.

आता काकांनी ठरवलं ते असं. एका वाफ्यातली वांग्याची रोपं घ्यायची, सारख्या उंचीची. माती एक. डबे एकसारखे. एकाला आडाचं पाणी, दुसऱ्याला बोअरचं, तिसऱ्याला बोअरचं आणि चिमूटभर मीठ. लावायची मात्र काकूंनी.

काकू नाही म्हणाल्या. काकांनी विनवलं, रागावले, जेवण सोडायची धमकी दिली. काकू ढिम्म. शेवटी ते म्हणाले, "हे बघ, मी लावली आन् जगली, तर लोक म्हणतील कंपाउंडरच्या हाताला गुण, बायकोच्या न्हाई. मला नको तसला गुण. तू लावलीस तरच काय ते कळंल."

"आन् मेली तर?" काकूंनी विचारलं.

काकांनी खिशातला ड्रॉपर चाचपला. "मेली तर मी दवाखाना बंद करीन. पुन्हा ओट्यावर बसणार न्हाई."

काकू उठल्या. तीन डबे भरले, तीन रोपं लावली. मग त्या आत गेल्या आणि एक चौथा डबा घेऊन आल्या. त्यातही रोप लावलं, आणि कोनाड्यातली एक बाटली आणून त्या डब्यापाशी ठेवली. बाटलीवर काकांच्याच हातची खाचांची पट्टी होती.

"याला ही घाला," त्या म्हणाल्या. "नळाच्या पाण्याबरोबर मी हीच घालत व्हते. तुमचं औषध. सगळ्या गावाला लागू पडतं, म्हणलं आपल्या झाडांना का नको."

काकांनी बाटली उचलली. पाहिली. परत ठेवली. मी त्यांचा चेहरा बघत होते. तो पार उतरला. पाणी आधीच चुन्यानं भरलेलं आणि वर पुन्हा चुन्याचं पाणी. जे पुस्तिकेत लिहिलं होतं तेच त्यांच्या घरात, त्यांच्याच औषधानं, त्यांच्याच पट्टीबरहुकूम चाललं होतं. झाडाला नळाचं पाणी चालंल, हेही तेच म्हणाले होते.

"आठवड्याला एक डोस?" त्यांनी विचारलं.

"एक न्हाई चुकवला," काकू म्हणाल्या.

पुढचे दीड-दोन महिने त्या घरात फारसं बोलणं झालं नाही. काका रोज सकाळी चारही डब्यांना मोजून पाणी घालायचे. झाडाला मात्र स्वतः हात लावायचे नाहीत, कुणी म्हणायला नको म्हणून. नोंदी करायचे. हळूहळू दिसायला लागलं. आडाच्या पाण्यावरचं वांगं डोळ्यांत भरेल असं हिरवं. बोअरचं पिवळट, खालून जाळी धरलेलं. मिठाच्या डब्यातलं आधी तसंच फिकट होतं, पण शेंड्याला आलेली नवी पानं गडद यायला लागली. आणि चौथं, निवळीचं, खालपासून वरपर्यंत पिवळं. निम्मी पानं गळालेली.

बाजाराच्या दिवशी सकाळी काकांनी आळीतल्या सगळ्या बायकांना ओट्यावर बोलावलं होतं. आदल्या दिवशी मी काकांना बाजूला घेतलं. मला वाटलं, मी फार शहाणी. "काका, तीनच डबे मांडा. चौथा आत ठेवू. बोअरवर ढकललं की काकूंचं नाव मोकळं होतंय. तुमचं औषध मध्ये कशाला आणायचं? उद्यापासून कुणी पान घेऊन येणार नाही तुमच्याकडं."

ते रागावले नाहीत. "सगळ्यांकडं बोअर हाय," ते म्हणाले. "सगळ्यांची झाडं थोडीफार पिवळी हायेत. पण हिची सगळ्यात जास्त. का? तर ही डोस चुकवत न्हाई म्हणून. तीन डबे मांडले तर लोक म्हणतील, पाणी सगळ्यांना सारखंच, मग हिचीच जास्त का मेली? हात गेला ते गेलाच. चौथा डबा मांडल्याबिगर तिचा हात सुटत न्हाई."

मग चौथा डबा मीच ओट्यावर नेऊन ठेवला.

सकाळी ओटा भरला. सुमनवहिनीसुद्धा आल्या, मागे भिंतीशी उभ्या राहिल्या. काकू दाराच्या आत, चौकटीला धरून. काका उभे राहिले. हा माणूस लग्नाच्या मांडवात "मी सांगितलं व्हतं" म्हणणारा. मी छातीवर हात ठेवून ऐकत होते.

"हे चार डबे," ते म्हणाले. "माती एक, बी एक. चारही रोपं हिनं लावली. हात एकच. पाणी चार." त्यांनी एकेक डबा दाखवला. आडाचं, बोअरचं, बोअरचं आणि मीठ. बायका पुढे वाकून बघत होत्या. मग ते चौथ्यापाशी आले. "आन् हे बोअरचं पाणी आन् माझी निवळी. डोंगरावरच्या हलक्या पाण्याला जे औषध, ते मी इथल्या जड पाण्याला दिलं. पेशंट न बघता दिलं. तीस वर्षांत दवाखान्यात माझ्या हातून डोस चुकला न्हाई. हा चुकला. तुमच्या घरात जिथं जिथं माझी बाटली असंल ती ओतून टाका. ज्यांची रोपं गेली ती माझ्यामुळं गेली. हिचा हात जसा व्हता तसाच हाय. जो काय गुण गेला तो माझा गेला."

एक बाई पदर तोंडाला लावून उभी होती. मला त्या क्षणी त्या बारक्या माणसाचा असा अभिमान वाटला, की काय सांगू. पुढे नोकरीत मी मोठमोठे साहेब बघितले, खुर्च्यांवर बसलेले. चूक झाली की खालच्या माणसाच्या नावावर घालताना बघितले. दर वेळी मला तो ओटा आठवला. मी कुणाच्या घरात राहिले होते हे मी लोकांना आजही मुद्दाम सांगते.

मग काकांनी मिठाची पुडी सोडली आणि सगळ्यांना चिमूट चिमूट वाटायला लागले. "बादलीला एवढंच. जास्त घालू नका, झाडालापण जुलाब व्हतील." पहिल्यांदा कुणीतरी हसलं. "जुनी पिवळी पानं बघत बसू नका, ती काय सुधारत न्हाईत. नव्या पानावर लक्ष ठेवा."

बायका पांगल्या. सुमनवहिनी मात्र भिंतीशीच. थोड्या वेळाने त्या दारापाशी गेल्या. "वैनी," त्या म्हणाल्या, आणि अडखळल्या. "आमच्या दारातला कढीपत्ता बी गेला वो. तुमी… येता का?"

काकूंच्या जागी मी असते तर चार शब्द सुनावले असते. चार कसले, चाळीस. काकूंनी चौकटीवरचा हात काढला. त्या आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा इरकली नेसलेली होती, हातात कढीपत्त्याचं रोप होतं, आणि त्या आमच्या कुणाकडे न बघता सरळ पायऱ्या उतरून चालायला लागल्या.

काका परसात धावले. आडाचं पाणी शेंदलं, कळशी खांद्यावर घेतली, मिठाची पुडी खिशात कोंबली आणि काकूंच्या चार पावलं मागून निघाले. मीही गेले, असली गोष्ट मी थोडीच सोडते? सुमनवहिनींच्या दारात एक पाहुणे खुर्ची टाकून बसले होते, मुंबईचे, सुमनवहिनींच्या माहेरचे. काकू रोप लावायला बसल्या. बायका भोवती उभ्या राहिल्या. काका कळशी घेऊन मागे, हात लावायचा नाही म्हणून अंग चोरून.

पाहुण्यांनी त्या घामाघूम झालेल्या माणसाला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "आपण कोण?"

"मी?" काका म्हणाले, आणि ओल्या मातीतल्या काकूंच्या हातांकडे बघत राहिले. "मी ह्यांचा कंपाउंडर."